ताई नव्हे, ताय: मराठी कोशकार, पाठ्यपुस्तक-लेखक आणि वृत्तसंपादकांना खुलं पत्र

मराठी कोश, पाठ्यपुस्तकं आणि वृत्तपत्रं यांचे संपादक व अनुवादक यांस,

सप्रेम नमस्कार.

व्हिएतनामच्या वायव्येकडच्या डोंगराळ भागात 'ताय दाम' नावाचे लोक राहतात. दाम म्हणजे काळा. इंग्रजी पुस्तकांतलं त्यांचं नाव सरळ मराठीत आणलं की 'काळ्या ताई' होतं. त्यांच्या शेजारचे 'ताय दोन' (इथे दोन म्हणजे पांढरा) मग 'पांढऱ्या ताई' होतात. चीनच्या युन्नान प्रांतातल्या त्यांच्या भाऊबंदांना मराठीत 'दाई' लिहिलं जातं, आणि थायलंडच्या लोकांना 'थाई'. थोरली बहीण, बाळंतपण करणारी बाई आणि एका देशाचे नागरिक. ही तिन्ही रूपं मुळात एकाच नावाची आहेत, हे वाचणाऱ्याला कळायला कुठलीच वाट उरत नाही.

आमची विनंती थोडक्यात अशी. सबंध लोकसमूहासाठी 'ताय' लिहावं. थायलंड देश, तिथले नागरिक आणि तिथली राजभाषा यांच्यासाठी 'थाय' ठेवावं. ताय ज्या मोठ्या भाषाकुळात मोडतात त्याला 'क्रा-दाय' म्हणावं. त, थ आणि द ही तिन्ही अक्षरं इथे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि ती का बरोबर आहेत हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

आधी ताय कोणाला म्हणायचं ते पाहू. या नावाखाली येणारे लोक आसामपासून व्हिएतनामपर्यंत आणि चीनच्या ग्वांग्शीपासून थायलंडच्या दक्षिण टोकापर्यंत पसरले आहेत. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट भाषा आहे. धर्म नाही: थायलंडचे सयामी, लाओसचे लाओ, म्यानमारचे शान, युन्नानचे लू आणि आसाम-अरुणाचलातले खामती थेरवादी बौद्ध आहेत, ताय दाम बहुतांशी पितरांना आणि देवचारांना पूजतात, ग्वांग्शीतल्या झुआंगांचे विधी त्यांचे स्वतःचे आहेत, आणि आसामचे आहोम बव्हंशी हिंदू झाले. वंश हाही निकष नाही, कारण या लोकांनी खोऱ्याखोऱ्यांतून सरकताना वाटेतल्या इतर भाषिकांना सतत आपल्यात सामावून घेतलं आहे. म्हणून 'ताय वंश' किंवा 'ताय जमात' असं लिहू नये. 'ताय भाषक लोक' हेच नेमकं आहे.

भाषेचं नातं ओळखायचं कसं? दोन, तीन, पाच या अंकांना थाय, शान आणि झुआंग भाषांत 'सोंग', 'साम', 'हा' असेच शब्द आहेत, फरक सुरांचा. पण नुसत्या साम्यावर विसंबू नये, कारण हे अंक जुन्या चिनीतून उसने घेतलेले आहेत. खरा पुरावा असतो तो नियमाने बदलणाऱ्या ध्वनींचा. माशाला थायमध्ये 'प्ला' म्हणतात, तर लाओ आणि शानमध्ये 'पा'. पाण्याला थायमध्ये 'नाम' म्हणतात, तर झुआंगमध्ये 'रम'सारखा शब्द आहे. अशा जोड्या शेकड्यांनी मिळतात आणि त्या एकाच नियमाने बदलतात, तेव्हाच कूळ एक ठरतं. या कामाचा पाया ली फांग-क्वेई यांच्या १९७७ च्या तौलनिक ग्रंथाने पक्का केला. त्यांनी ताय भाषांच्या तीन शाखा मांडल्या: उत्तर, मध्य आणि नैर्ऋत्य. थाय, लाओ, शान, लू, खामती, आहोम आणि ताय दाम या सगळ्या नैर्ऋत्य शाखेच्या. झुआंगांच्या बऱ्याच बोली आणि बुयी या उत्तर शाखेत, तर व्हिएतनामची 'ताय' आणि नुंग मध्य शाखेत येतात. बहुतेक झुआंग स्वतःला ताय म्हणवत नाहीत हे इथे ध्यानात घ्यायला हवं. त्यांच्या बाबतीत 'ताय' हे अभ्यासकांनी लावलेलं लेबल आहे, आणि नोंद लिहिताना तसं सांगणं हे त्यांच्याशी सभ्यपणाने वागणं आहे.

ताय शाखेच्या वर मोठं कूळ आहे. त्यात हैनान बेटावरच्या ह्लाय भाषा, तिथलीच ओंग-बे, काम-सुई गट आणि क्रा गट येतात. याला पूर्वी 'ताय-कादाय' म्हणत. पॉल बेनेडिक्ट यांनी १९४२ साली 'कादाय' हा शब्द घडवला, पण त्यांनी ज्या भाषा त्याखाली घातल्या होत्या त्यांचा तसा वेगळा गट ठरत नाही. वीरा ओस्तापिरात यांनी २००० साली 'क्रा-दाय' हे नाव सुचवलं आणि आता तेच रूढ होत आहे. नव्या नोंदींत हेच वापरावं.

आता नावाकडे वळू. पत्राचं मर्म इथेच आहे, आणि मराठी वाचकाला ते समजणं इंग्रजी वाचकापेक्षा सोपं आहे.

थाय वर्णमाला आपल्याच क्रमाने चालते. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग. त्यातलं 'द'च्या जागेचं अक्षर घ्या. 'दान' हा शब्द थाय लोक त्याच अक्षराने लिहितात, पण उच्चारतात 'थान'. 'देव' होतो 'थेप', आणि बँकॉकला तिथले लोक 'क्रुंग थेप' म्हणतात त्यातला थेप हाच. ब होतो फ: 'बुद्ध'चा उच्चार 'फुत'. ग होतो ख: 'गुरू' होतो 'ख्रू', 'नगर' होतं 'नाखोन', आणि 'नाखोन पाथोम' म्हणजे नगर प्रथम. नियम एकच आहे. जुने घोष व्यंजन या भाषेत अघोष आणि महाप्राण झाले. हे केवळ संस्कृत-पालीतून आलेल्या शब्दांचं झालं नाही. त्यांच्या घरच्या शब्दांचंही तेच झालं.

थाय लोक स्वतःचं नावही याच 'द'च्या अक्षराने लिहितात. सुखोथायच्या राम खामहेंगच्या शिलालेखात नवी लिपी शके १२०५ मध्ये, म्हणजे इ.स. १२८३ मध्ये, केल्याचं म्हटलं आहे, आणि तिथे या लिपीला 'थाय अक्षरं' असंच नाव दिलं आहे. (शके म्हणजे आपल्या पंचांगातलंच शके. आग्नेय आशियात ही कालगणना शतकानुशतकं चालली.) काही अभ्यासकांनी या लेखाच्या जुनेपणावर शंका घेतली आहे, पण मूळ नावात 'द' होता हे त्या एका लेखावर अवलंबून नाही. भाषांची तुलना केली तरी तोच निष्कर्ष निघतो. तेव्हा मूळ नाव 'दाय'च्या जवळचं. सयामी आणि लाओ भाषांत द चा थ झाला आणि 'थाय' आलं. शान, लू, खामती, आसामातली फाके, ताय दाम आणि चियांग माय भागातल्या युआन या बोलींत त्याच द चा महाप्राण न होता साधा त झाला आणि 'ताय' आलं. माणसाला थायमध्ये 'खोन' म्हणतात, शानमध्ये 'कोन'. म्हणून 'खोन थाय' आणि 'कोन ताय' हे एकाच शब्दजोडीचे दोन उच्चार आहेत. व्हिएतनामच्या काओ बांग भागातल्या बोलींत जुन्या घोष व्यंजनांची खूण अजून ऐकू येते.

इंग्रजीत हा भेद दाखवायला एक एच घालायचा किंवा गाळायचा एवढीच सोय आहे, आणि इंग्रजी कान त आणि थ मधला फरक पकडत नाही. त्यामुळे तिथल्या अभ्यासकांना संकेत ठरवावा लागला: एच असेल तर देश, नसेल तर सगळा समूह. आपल्याकडे ताट आणि थाट, ताप आणि थाप यांतला फरक दोन वर्षांचं मूलही ओळखतं. इंग्रजी हिज्ज्यावरून देवनागरी करताना आपण आपल्या हातातली ही नेमकी मापं बाजूला ठेवतो. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

'ताई' ऐवजी 'ताय' का, यालाही उच्चाराचंच कारण आहे. मूळ शब्द एका अक्षराचा आहे, शेवटी य. आपल्या गाय, माय, काय यांसारखा. 'ताई' लिहिलं की दोन अक्षरं होतात आणि शेवटची ई लांबते. शिवाय 'ताईंच्या भाषा', 'ताईंचा इतिहास' अशी सामान्यरूपं झाली की अर्थ हातातून जातोच. 'ताय'चं सामान्यरूप करण्याच्या भरीस पडू नये. 'तायांचा' लिहिण्यापेक्षा 'ताय लोकांचा', 'ताय भाषांमध्ये' असं विशेषणासारखं वापरलं की अडचण येत नाही. 'थाई' मराठीत इतकं रुळलं आहे की ते लगेच जाणार नाही. तरी 'थायलंड' लिहिणाऱ्याने 'थाय भाषा' लिहायला हरकत नसावी.

सगळ्यात जास्त चुका व्हिएतनाम आणि चीनच्या बाबतीत होतात. व्हिएतनामी रोमन लिपीत नुसता टी म्हणजे आपला त आणि टीएच म्हणजे थ. तिथे सरकार या नावाचे दोन वेगळे समूह मानतं. एक 'ताय', जे ईशान्येकडे राहतात, मध्य शाखेची भाषा बोलतात आणि ज्यांना पूर्वी 'थो' म्हणत. दुसरे 'थाय', ज्यात ताय दाम, ताय दोन वगैरे नैर्ऋत्य शाखेचे लोक येतात. २०१९ च्या जनगणनेत दोन्ही समूह प्रत्येकी १८ लाखांच्या वर होते. गोम अशी की सरकारी कागदावर 'थाय' असलेले हे लोक स्वतः उच्चारतात 'ताय', आणि त्यांचा थायलंडच्या नागरिकत्वाशी काही संबंध नाही. म्हणून व्हिएतनामवरच्या मजकुरात हे नाव आलं की प्रांत पाहावा. सोन ला, दिएन बिएन किंवा लाय चाऊ असेल तर ताय दाम किंवा ताय दोन असं पूर्ण लिहावं. काओ बांग किंवा लांग सोन असेल तर 'व्हिएतनामचे ताय (मध्य शाखा)' असं एकदा सांगून पुढे जावं.

चीनच्या रोमन लिपीत डी म्हणजे साधा, अघोष त, आणि टी म्हणजे थ. हे माहीत नसलं की 'दाई' तयार होतं. चिनी लोक तो शब्द 'ताय' असाच उच्चारतात. त्यासाठीचं चिनी अक्षर १९५० च्या दशकात मुद्दाम घडवलं गेलं, कारण आधीची नावं हीन मानली जात होती. त्यात माणसाची खूण जोडलेली आहे. २०२० च्या जनगणनेत हे ताय सुमारे १३ लाख होते, तर झुआंग १ कोटी ९५ लाखांच्या वर. या १३ लाखांतही एकच समूह नाही: लू, नुआ, ताय दाम असे वेगवेगळे लोक एका सरकारी नावाखाली आहेत. तीच गत स्थलनामांची. 'शीश्वांगबान्ना' हे चिनी तोंडातून आलेलं रूप आहे. मूळ ताय नाव 'सिपसोंग पान्ना': सिपसोंग म्हणजे बारा, पान म्हणजे हजार, ना म्हणजे भाताचं खाचर. हजार खाचरांचा एक महाल, असे बारा महाल. मूळ रूप लिहिलं तर या लोकांचं राज्य पाण्याखालच्या भातशेतीवर कसं उभं होतं ते नावातच वाचता येतं.

उरलेलं 'क्रा-दाय'. तिथे द का? कारण ते नाव आजच्या कुठल्या बोलीतून घेतलेलं नाही. पूर्वरूपाची मांडणी करून घडवलं आहे, आणि पूर्वरूपात द होता.

नावाचा अर्थ काय, हे मराठीत बहुतेक ठिकाणी 'मुक्त' असं छापलं जातं, आणि 'थायलंड म्हणजे मुक्तांची भूमी' हे वाक्य त्याला जोडून येतं. हे अर्धं खरं आहे. जुन्या समाजरचनेत 'थाय' म्हणजे कुणाचा दास नसलेला माणूस, असा वापर होता. पण तो नंतरचा, आकुंचित अर्थ. लाओ भाषेत आजही 'थाय बान' म्हणजे फक्त गावकरी, बान म्हणजे गाव. ताय दाम बोलीतही 'ताय' म्हणजे लोक. थाय विचारवंत चित फूमिसाक यांचं या नावांवरचं लेखन त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, प्रसिद्ध झालं. त्यांनीही समाजात राहणारा माणूस हाच अर्थ आधीचा मानला. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल फेर्लूस यांनी ध्वनींच्या वाटेने हे नाव 'माणूस' या अर्थाच्या आणखी जुन्या शब्दापर्यंत नेलं. तेव्हा नोंदीत 'मूळ अर्थ माणूस, लोक. पुढे दास नसलेला माणूस' असा क्रम द्यावा. 'मुक्तांची भूमी' हे विसाव्या शतकातल्या राष्ट्रवादाचं वाक्य आहे, व्युत्पत्ती म्हणून ते देऊ नये.

त्या राष्ट्रवादाची तारीख ठाऊक आहे. २४ जून १९३९ रोजी फिबून सोंगख्राम यांच्या सरकारने पहिला 'रात्थानियोम' (सरकारी सांस्कृतिक फतवा) काढला आणि सयाम देशाचं नाव 'प्राथेत थाय' केलं. प्राथेत म्हणजे आपला प्रदेश. १९४५ मध्ये इंग्रजीपुरतं 'सयाम' परत आलं आणि काही वर्षांतच पुन्हा गेलं. या बदलाने देशातल्या मलय, मोन, ख्मेर, चिनी अशा सगळ्यांना 'थाय' ठरवलं, आणि देशाबाहेरच्या शान-लू लोकांवर नात्याचा हक्क सांगायला वाट करून दिली. म्हणून 'थाय नागरिक' आणि 'ताय भाषक' हे शब्द एकमेकांच्या जागी घालणं ही केवळ शुद्धलेखनाची चूक राहत नाही. शान लोकांना 'बर्मातले थाई' म्हटलं की आपण नकळत एका सरकारची बाजू घेतो.

सयाम हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाही. ते शेजाऱ्यांनी दिलं. ११व्या शतकातल्या, आजच्या मध्य व्हिएतनाममधल्या चाम लोकांच्या शिलालेखात 'स्याम' युद्धकैदी येतात, १२व्या शतकात अंगकोर वाटच्या भिंतीवर 'स्याम कुक' नावाची फौज कोरलेली आहे, आणि त्याच शतकातल्या म्यानमारमधल्या पगानच्या लेखांतही हे नाव सापडतं. बर्मीतलं 'शान' हे त्याचंच रूप. बर्मी लिपीत त्याच्या शेवटी आजही म लिहितात, बोलताना न होतो. मराठीत मात्र 'श्याम देश' लिहून त्याचा संबंध सावळ्या रंगाशी लावायचा मोह होतो. थाय लिपीत श आणि स दोन्ही अक्षरं आहेत आणि देशाचं नाव स ने लिहितात. नावाचं मूळ अजून वादात आहे, म्हणून सावळ्या रंगाची कथा नोंदीत पक्की म्हणून देऊ नये. 'सयामी जुळे' हा मराठीत रुळलेला शब्द तसाच राहू द्यावा. १८११ साली सयाममध्ये जन्मलेल्या चांग आणि एंग या भावांवरून तो आला.

भारतातल्या ताय लोकांबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यात नाव चुकण्यापेक्षा नाव गळण्याचं प्रमाण जास्त आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत १९९९ पासून सर्वोत्तम कॅडेटला लाचित बोरफुकन सुवर्णपदक दिलं जातं. १६७१ च्या सराईघाटच्या लढाईत मोगलांना अडवणारे हे सेनापती आहोम होते हे मराठी वाचकाला माहीत असतं. आहोम म्हणजे ताय, हे क्वचितच सांगितलं जातं. ('बोरफुकन' हा हुद्दा आहे, आडनाव नव्हे. 'बोरफुकन यांनी' असं आडनावासारखं लिहू नये.) आहोम राज्याचा संस्थापक सुकाफा १२२८ साली मोंग माओ या ताय राज्याकडून पाटकाई डोंगर ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आला. त्याच्या वारसांचं राज्य १८२६ च्या यांदाबोच्या तहाच्या सुमाराला संपेपर्यंत सहाशे वर्षं टिकलं. आहोम राजांना दोन नावं असत, एक ताय आणि एक हिंदू: रुद्रसिंह म्हणजे सुख्रुंगफा. शेवटचा 'फा' म्हणजे आकाश. 'चाओफा', आकाशाचा धनी, या ताय पदवीचंच असमियात 'स्वर्गदेव' झालं. शान संस्थानिकांची 'साओफा' पदवी तीच आहे. चराईदेवचे मोइदाम २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा त्यांचं वर्णन 'पिरॅमिड' या एका शब्दावर थांबलं. ही ताय राजघराण्याची दफनटेकाडं आहेत, हे आधी यायला हवं होतं.

आहोम भाषा रोजच्या बोलण्यातून गेली, ती बुरंजींत (आहोमांच्या बखरींत) आणि पुरोहितांच्या पोथ्यांत राहिली. पण खामती, फाके आणि आयतोन या भाषा आसाम-अरुणाचलात आजही बोलल्या जातात. 'भारतातल्या ताय भाषा मृत आहेत' हे वाक्य म्हणून चुकीचं आहे. नकाशावरही त्या दिसतात: नामदांग, नामसाय, नामफाके यांतलं 'नाम' म्हणजे पाणी. दिहिंग, दिखौ यांतलं 'दि' म्हणजेही पाणी, पण ते बोडो-कछारी भाषांमधलं. आसामच्या नद्यांवर लिहिताना संस्कृत व्युत्पत्तीकडे धावण्याआधी ही दोन उपपदं तपासावीत. 'आसाम' हे नाव 'शान-सयाम'च्या कुळातलं आहे का, हा वाद मिटलेला नाही, तो वाद म्हणूनच द्यावा.

जुन्या पुस्तकांतून अजून उचलल्या जाणाऱ्या दोन गोष्टी कृपया थांबवाव्यात. ताय लोक अल्ताई पर्वतातून आले, ही कल्पना १९२० च्या दशकात पसरली आणि तिचा आधार 'ताई' या ध्वनिसाम्यापलीकडे फारसा काही नव्हता. युन्नानचं नानचाओ राज्य (इ.स. ७३८ ते ९०२) ताय लोकांचं होतं, हेही टिकत नाही. तिथल्या राजांत बापाच्या नावाचं शेवटचं अक्षर मुलाच्या नावाच्या आरंभी येई. ही चाल तिबेटी-बर्मी भाषकांची आहे, ताय लोकांची नाही. भाषांतल्या जुन्या चिनी शब्दांच्या थरांवरून पित्तयावात पित्तयापोर्न यांनी नैर्ऋत्य शाखेचा प्रसार ८ ते १०व्या शतकांच्या दरम्यान ग्वांग्शी आणि उत्तर व्हिएतनामच्या बाजूने सुरू झाल्याचं मांडलं आहे. उगमाबद्दल एकच वाक्य द्यायचं असेल तर हे द्यावं.

आणखी एक शब्द सांभाळावा. जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनांत लाओसच्या डोंगरातल्या लोकांना 'खा' म्हटलेलं आढळतं. ताय भाषांत तो शब्द दास, नोकर या अर्थाचा आहे. तो जमातीचं नाव म्हणून मराठीत आणू नये. खमू वगैरे ज्या त्या लोकांचं नाव शोधून लिहावं.

एखादी नोंद हातात आल्यावर सुरुवात कुठून करायची, तर आधी मूळ मजकूर कोणत्या देशाबद्दल आहे ते पाहावं, मग तो नागरिकांबद्दल बोलतो की भाषकांबद्दल, आणि शेवटी त्या लोकांचा स्वतःचा उच्चार ऐकावा. शान, खामती आणि ताय दाम बोलणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं आज सहज मिळतात. त की थ, हे मराठी कानाला पहिल्याच शब्दात कळेल. ज्या कोशांत आज 'ताई' आणि 'दाई' अशा नोंदी असतील तिथे त्या काढून न टाकता 'ताय पाहा' असा निर्देश ठेवावा, म्हणजे जुन्या रूपाने शोधणारा अडणार नाही.

आपले,
आग्नेय आशियाच्या भाषांचे काही मराठी अभ्यासक

ता. क. 'अहोम' आणि 'आहोम' दोन्ही छापलं जातं. असमिया लेखनात पहिला स्वर आ आहे, म्हणून आम्ही 'आहोम' लिहिलं आहे. फुकेतचा फ हा 'फूल'मधला, ओठ मिटून म्हणायचा जुना फ आहे. आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीच्या निवेदकांनाही एवढं कळवावं.